शल्य आणि विस्मरण

आपल्या मनाला एखादी गोष्ट सलते, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु हा शब्द मूळचा वैद्याच्या घरचा आहे, ह्याचे स्मरण बोलताना क्वचितच होते. सल, सलणे आणि शल्य ही एकाच कुळातली रूपे होत. बाणाचे टोक, काटा, लोखंडाचा कण, असे जे काही शरीरात शिरून आत राहते आणि दुखते ते शल्य. व ते शोधून बाहेर काढण्याची विद्या ते शल्यतंत्र. सुश्रुताने तर मनाला आणि शरीराला बाधा करणारे ते सर्व शल्यच, अशी व्यापक दृष्टी ठेवली; आणि आपल्या संहितेच्या सूत्रस्थानात 'प्रनष्टशल्यविज्ञानीय' नावाचा एक स्वतंत्र अध्याय घातला. प्रनष्ट शल्य म्हणजे आत जाऊन दिसेनासे झालेले शल्य. वरची जखम कदाचित भरूनही आली आहे, रोगी हिंडतो-फिरतो आहे, पण आत काहीतरी आहे. ते आहे हे ओळखावे कसे, हा त्या अध्यायाचा विषय. आणि ओळखलेले शल्य काढावे कसे, हा त्याच्या पुढल्या अध्यायाचा.

ह्या दोन अध्यायांची आठवण आम्हांस झाली ती मालवणाजवळच्या एका वाडीत, एका घराच्या पडवीत बसलो असता. घरच्या वृद्ध काकींवर पुष्कळ वर्षांपूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झाली होती. आमच्या किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांप्रमाणे त्यांचेही अर्धे घर मुंबईस चाकरीला आणि अर्धे गावी. तेव्हा शस्त्रक्रिया मुंबईस मुलाकडे झाली आणि विश्रांतीसाठी काकी गावी आल्या. त्यानंतर चार वर्षे त्यांच्या पोटात बारीक बारीक दुखत असे, मधून मधून ताप येई. देवळात गाऱ्हाणे घातले, नवस झाले, पथ्ये झाली. अखेर दुसऱ्या एका ठिकाणी पोट पुन्हा उघडावे लागले, आणि 'गाठ होती, ती काढली' असे घरच्यांस सांगण्यात आले. ती गाठ म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेत आत राहिलेले गॉजचे फडके होते, हे कळावयास आणखी तीन वर्षे लागली. आणि तेही नात्यातल्या एका शिकणाऱ्या मुलाने जुने कागद चाळले म्हणून. त्या डॉक्टरांचा राग येत नाही काय, असे आम्ही काकींस विचारले. त्या म्हणाल्या, "चूक कोणाकडसून होना नाय, बाबा? पण माका सांगूक होया होता. चार वर्सां मी देवाक दोष दिलंय."

नीतिशास्त्रातला एक कठीण प्रश्न काकींनी ह्या तीन वाक्यांत मांडला आहे, असे आम्हांस वाटते. ज्याने शल्य काढावयाचे त्याच्याच हातून ते आत राहिले, तर त्याचे पाप किती? काकींनी त्याचे दोन भाग पाडले. विस्मरणाची त्यांनी क्षमा केली. न सांगण्याची केली नाही. हा निवाडा केवळ एका मायाळू म्हातारीचा उदारपणा म्हणून बाजूस ठेवावा, की विचाराच्या कसोटीसही तो उतरतो, एवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे. शल्यवैद्यकाच्या तंत्रावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु विस्मरण हा साऱ्या मनुष्यजातीचा विषय असल्यामुळे त्यावर बोलण्याचा अधिकार दुर्दैवाने आम्हां सर्वांस आहे.

प्रथम विस्मरणाचे फळ किती भयंकर असू शकते ते पाहिले पाहिजे. कारण क्षमेची गोष्ट त्यानंतरच शोभते. १९६३ सालच्या जुलै महिन्यातील हकीकत आहे. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सरकारी प्रसूतिगृहात १० जुलै रोजी एक स्त्री प्रसूत होऊन तिला मुलगा झाला. १३ जुलै रोजी तिच्यावर संततिनियमनाची शस्त्रक्रिया करण्यात आली. लगोलग ताप भरला, पोटात असह्य वेदना सुरू झाल्या. १९ जुलै रोजी जखम पुन्हा उघडली, तेव्हा आत एक फडके राहिलेले सापडले. भोवती पू झाला होता. फडके काढले, पण २४ जुलै रोजी ती स्त्री मरण पावली. चौदा दिवसांचे मूल आईवाचून राहिले. तिच्या पतीने व मुलांनी सरकारवर दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला. उच्च न्यायालयाने तो फिरविला, कारण दवाखाना चालविणे हे राज्याचे सार्वभौम कार्य आहे, त्यातील चुकीबद्दल राज्यावर दावा चालत नाही, असे त्यास वाटले. शेवटी २० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे मत खोडून काढले आणि राज्य जबाबदार असल्याचे ठरविले. घटनेला तोवर बत्तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. जन्मलेले मूल तोवर बत्तिशीचे झाले असेल.

त्या निकालात एक लॅटिन सूत्र आधारास घेतलेले आहे. त्याचा अर्थ, 'गोष्ट स्वतःच बोलते'. नेमका कोणाचा हात चुकला, कोणत्या क्षणी चुकला, हे रोग्याने सिद्ध करावयाचे कसे? तो तर भुलीच्या अमलाखाली निपचित पडलेला. म्हणून कायदा म्हणतो की, पोटात फडके सापडले हीच साक्ष पुरेशी आहे. आता बोलावयाचे ते दुसऱ्या बाजूने. न्यायाच्या दृष्टीने हे अगदी योग्य आहे. परंतु वस्तू बोलते ती इतकेच बोलते की, चूक झाली. ती का झाली, आणि करणारा मनुष्य वाईट होता की नव्हता, हे ती सांगत नाही. तेथे विचारास आरंभ करावा लागतो.

सामान्य वाचकास पहिला प्रश्न पडतो तो हा की, हातभर फडके माणसाच्या पोटात विसरते तरी कसे? आपण घरातला चष्मा विसरतो, छत्री विसरतो, पण हे? ह्याचे उत्तर शस्त्रक्रियागृहातील परिस्थितीत आहे. पोटाची पोकळी बाहेरून वाटते त्याहून फार खोल असते. आतडी बाजूस सारून धरावयास आणि रक्त टिपावयास कापसाच्या विणीची फडकी आत दाबून ठेवावी लागतात. रक्ताने भिजले की फडक्याचा पांढरेपणा जातो. ते आतड्याच्या वळणाआड सरकते आणि भोवतालच्या मांसासारखेच दिसू लागते. मग शरीर त्याच्याशी दोहोंपैकी एका तऱ्हेने वागते. एक तर जंतुसंसर्ग होऊन पू होतो, ताप येतो आणि काही दिवसांतच गोष्ट उघड होते. औरंगाबादेस तसे झाले. नाही तर शरीर त्या परक्या वस्तूभोवती हळूहळू एक वेष्टण विणते व तिला कोंडून ठेवते; अशी वस्तू वर्षानुवर्षे मुकी राहते आणि पुढे तपासणीत गाठ म्हणून दिसते. काकींची गाठ ह्या दुसऱ्या जातीची. वैद्यकाने ह्या विकारास 'गॉसिपिबोमा' असे नाव दिले आहे. त्यातला अर्धा शब्द कापसाच्या लॅटिन नावाचा आणि अर्धा आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतला, दडण्याची जागा ह्या अर्थाचा. हा विकार आधुनिक शस्त्रक्रियेच्या बरोबरीनेच जन्मला. भुलीचे औषध आणि जंतुनाशन हाती येऊन पोट उघडणे शक्य झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. आणि १८८४ सालीच अमेरिकेतील बाल्टिमोरच्या विल्सन नामक शल्यवैद्याने पोटात राहून गेलेल्या वस्तूंविषयी आपल्या व्यवसायबंधूंपुढे निबंध वाचला होता.

परंतु फडके दडते एवढ्याने विस्मरणाचा उलगडा होत नाही. तो करण्याचा एक चांगला प्रयत्न ज्यांनी केला त्यांत अतुल गवांदे ह्यांचे नाव घ्यावे लागते. हे अमेरिकेतील शल्यवैद्य. त्यांचे वडीलही शल्यवैद्य, आणि ते मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. गवांदे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शरीरात वस्तू राहून गेलेले ५४ रोगी त्यांनी जुन्या दाव्यांच्या कागदांतून शोधले. त्यांच्या शरीरांत मिळून ६१ वस्तू राहिल्या होत्या, आणि त्यांतील सुमारे दोनतृतीयांशांहून अधिक कापसाची फडकी होती. मग तशाच शस्त्रक्रिया झालेल्या, पण वस्तू न राहिलेल्या रोग्यांशी त्यांनी ह्यांची तुलना केली. तेव्हा दिसले ते असे: शस्त्रक्रिया तातडीची असली म्हणजे धोका जवळजवळ नऊपट वाढतो, शस्त्रक्रिया चालू असताना मूळचा बेत एकाएकी बदलावा लागला तर चौपट. अर्थात् वस्तू विसरतात त्या बहुधा आळसाच्या घटकेस नव्हे. मनुष्य वाचविण्याची धावपळ चाललेली असते त्या घटकेस.

ह्याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. ज्या शस्त्रक्रियांत फडक्यांची मोजदाद झाली होती, त्यांपैकी शेकडा ८८ प्रसंगी कागदावर 'गणती बरोबर' असेच लिहिलेले होते. म्हणजे लोकांनी मोजले, हिशेब जुळला, सह्या झाल्या, आणि फडके मात्र आतच होते. ह्यावर वाचकांनी क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. कर्तव्य केले नाही म्हणून अनर्थ झाला, हे समजण्यास सोपे आहे. येथे कर्तव्य झाले आहे असे सर्वांस प्रामाणिकपणे वाटत होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विस्मरण हा अपराध होय काय? आपली सामान्य नीतिकल्पना अशी आहे की, जेथे इच्छा नाही तेथे पाप नाही. फडके आत ठेवावे अशी इच्छा कोणाही वैद्याची असू शकत नाही. पण ही कल्पना पुरी पडत नाही, हे आपण व्यवहारात रोज मान्य करतो. ठेव म्हणून दिलेली वस्तू कोणी विसरला, तर 'माझी इच्छा नव्हती' एवढ्याने तो सुटत नाही. कारण ठेव घेताना स्मरणही त्याने पत्करलेले असते. शस्त्रक्रियेच्या मेजावरील रोगी ही तर ठेवींतली ठेव. त्याने आपली शुद्धदेखील दुसऱ्याच्या हवाली केली आहे. त्याच्या वाट्याचे स्मरणही आता दुसऱ्यासच ठेवावयाचे आहे.

तथापि स्मरणशक्ती ही इच्छेच्या आज्ञेत राहणारी दासी नव्हे. 'विसरू नको' असे मनास कितीही बजावले तरी ते विसरावयाचे तेव्हा विसरतेच. मग ज्याचे पालन आपल्या हाती नाही ते कर्तव्य कसे म्हणावे? आमच्या मते ह्याचे उत्तर असे की, न विसरणे हे कर्तव्य नाही. आपण विसरणार, हे जाणून आधी तजवीज करणे हे कर्तव्य आहे. स्मरण हाती नाही, पण गणती हाती आहे. ज्यास आपल्या स्मरणाचा भरवसा वाटतो तो मोजीत नाही. ज्यास आपली उणीव ठाऊक आहे तो मोजतो. म्हणून गणती ही आम्हांस कारकुनी बाब वाटत नाही. तो विनयाचाच एक प्रकार आहे.

आमच्याकडे खळ्यावर भात मापण्याची जुनी चाल ज्यांनी पाहिली असेल त्यांस हे लवकर पटेल. मापणारा पहिल्या मापास 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतो आणि मग 'दोन, तीन' असे मोठ्याने म्हणत जातो. भोवती खंडकरी असतो, मालक असतो, घरची मुले असतात; सर्वांच्या कानांवर आकडा पडतो. मोठ्याने मोजण्यात कोणी कोणाचा अविश्वास करीत नाही. उलट मोठ्याने मोजले म्हणूनच सायंकाळी सर्वांस मनात किंतू न बाळगता घरी जाता येते. मनातल्या मनात मोजलेला आकडा एकाचाच असतो, आणि तो चुकला तर त्यास दुरुस्त करणारा कोणी नसतो.

शस्त्रक्रियागृहातही हेच तत्त्व आहे. फडकी ठरीव संख्येच्या गठ्ठ्यांतून येतात. आरंभी, पोटाची पोकळी शिवण्यापूर्वी आणि शेवटी कातडी शिवताना, अशी ती मोजावयाची असतात. फडक्यात क्ष-किरणांस दिसेल असा धागा विणलेला असतो, म्हणजे संशय आला तर छायाचित्र काढून पाहता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक तपासयादी प्रसृत केली; ती घडविण्यात गवांदे ह्यांचाच पुढाकार होता. रोगी शस्त्रक्रियागृहाबाहेर जाण्यापूर्वी उपकरणे, फडकी व सुया ह्यांची गणती पुरी झाली असे परिचारिकेने तोंडाने सांगावे, अशी तीत अट आहे. दिल्लीसह जगातील आठ शहरांत ती यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू शेकडा दीडवरून शेकडा ०.८ वर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. माणसांनी एकमेकांशी ठरलेल्या वेळी मोठ्याने बोलावे, एवढाच उपाय!

पण मोठ्याने बोलण्यास ऐकणारा लागतो, आणि आपल्या समाजाची खरी अडचण येथे आहे. समजा, शस्त्रक्रिया संपत आली आहे, थकलेला, नावाजलेला शल्यवैद्य शेवटचे टाके घालीत आहे, आणि दोन वर्षांपूर्वी नोकरीस लागलेली परिचारिका म्हणते, "थांबा सर, एक फडके कमी आहे." हे वाक्य उच्चारावयास तिला किती धैर्य लागत असेल ह्याची कल्पना, ज्यांनी कधी वडीलधाऱ्यांची चूक चारचौघांत दाखविली आहे, त्यांस येईल. इंग्लंडात १९३९ साली ह्याच प्रश्नावर अपील न्यायालयात खल झाला. तातडीच्या शस्त्रक्रियेत पोटात फडके राहून रोगी दगावला होता. परिचारिकेच्या गणतीवर शल्यवैद्याने विसंबून राहावे काय, की स्वतःही शोध घेण्यास तो बांधलेला आहे, ह्याविषयी न्यायाधीशांत मतभेद झाला आणि खटला पुन्हा चालवावा असे ठरले. कायद्यास जबाबदारीची वाटणी करावी लागते, हे खरे. परंतु नीतीच्या दृष्टीने ती वाटून कमी होत नाही. 'मोजणे तिचे काम, शिवणे माझे' असे ज्या घटकेस मनात येते, त्याच घटकेस फडक्यास दडावयास जागा सापडते. वडीलपणाचे भूषण आज्ञा देण्यात आहे असे आपण मानतो. 'थांबा' हा शब्द धाकट्याच्या तोंडून ऐकून न रागावता थांबण्यात ते अधिक आहे.

येथवर विस्मरणाचा विचार झाला. आता काकींच्या दुसऱ्या वाक्याकडे येऊ. शकुंतलेची कथा आपण दोन रूपांत वाचतो. कालिदासाच्या नाटकात दुष्यंत तिला खरोखरच विसरतो. दुर्वासाच्या शापाने त्याची स्मृती झाकली गेली आहे. एका कोळ्यास माशाच्या पोटात राजाची मुद्रिका सापडते, ती पाहताच राजास सर्व आठवते, आणि मग त्याच्या पश्चात्तापास पार राहत नाही. महाभारतातला दुष्यंत निराळा आहे. त्यास भरसभेत शकुंतलेची ओळख पटलेली आहे, तरी तो 'मी तुला ओळखीत नाही' म्हणतो. लोक काय म्हणतील ह्या भयाने असे केले, हे आकाशवाणी झाल्यावर तो स्वतःच कबूल करतो. पहिल्या दुष्यंताचे आपणांस दुःख होते. दुसऱ्याचा राग येतो. दोघांनीही एकाच स्त्रीस दारातून परत पाठविले. भेद इतकाच की, एकास ठाऊक नव्हते आणि दुसऱ्यास होते.

शस्त्रक्रियेत फडके विसरणारा वैद्य हा पहिला दुष्यंत होय. फडके सापडल्यावर 'गाठ होती' असे सांगणारा हा दुसरा. आणि येथे एक चमत्कारिक गोष्ट अशी की, हे दोघे पुष्कळदा निरनिराळे मनुष्य असतात. आमचा सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. ओरोस येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते तर अगदी अलीकडे. आजवर मोठ्या दुखण्यासाठी येथला रोगी बांबोळीस गोव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात जाई, कोल्हापुरास जाई, नाही तर मुंबईस. आणि आजही पुष्कळ जातात. एका शहरी पोट उघडले, दुसऱ्या शहरी पुन्हा उघडले. पहिल्या वैद्यास आपली चूक कधी कळतच नाही. तो निश्चिंतपणे त्याच रीतीने पुढली फडकी मोजीत राहतो. दुसऱ्या वैद्यास ती कळते, पण ती त्याची नव्हे. व्यवसायबंधूची अब्रू आपण का घालवावी, असे त्याच्या मनात येते. ही भावना अगदीच हलकी नव्हे, पण ती रोग्याच्या जिवावर पोसलेली आहे. त्याने रोग्यास सांगितले पाहिजे, कारण शरीर रोग्याचे आहे. आणि पहिल्या वैद्यासही कळविले पाहिजे, कारण तेथे उद्या दुसरा रोगी मेजावर असणार.

न सांगण्याची किंमत कोण देतो, ह्याचे उदाहरण शेजारच्या गोव्यातलेच आहे. तेथील सरकारी इस्पितळातील एका परिचारिकेची १९९३ साली मुंबईत पित्ताशयातील खड्यांसाठी शस्त्रक्रिया झाली. पुढे नऊ वर्षे तिला पोटदुखीचा त्रास होत राहिला, असे तिचे म्हणणे. २००२ साली तपासणीत पोटात काही असल्याचे दिसून पुन्हा शस्त्रक्रिया झाली, आणि यकृताजवळ राहून गेलेल्या फडक्यामुळे गोळा झाल्याचे आढळले. २००४ साली तिने ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. ग्राहक कायद्याची मुदत दोन वर्षांची. ती कोठून मोजावयाची, हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१० साली न्यायालयाने तक्रार मुदतबाह्य ठरविली. ती सामान्य रोगी नव्हती, अनुभवी परिचारिका होती. इतकी वर्षे दुखत असता तिने आधीच त्या वैद्याशी संपर्क साधावयास हवा होता, असा त्यातील मुख्य विचार. चूक कोणाची होती ह्याचा निवाडा तेथे झालाच नाही, म्हणून त्याविषयी आम्हीही काही म्हणत नाही. कायद्यास मुदत लागतेच, तिच्यावाचून न्याय चालत नाही, हेही आम्हांस मान्य आहे. परंतु औरंगाबादच्या खटल्यात 'गोष्ट स्वतःच बोलते' म्हणणारा कायदा येथे जवळजवळ असे म्हणतो की, गोष्ट मुकी होती तर तू का बोलली नाहीस? ज्या घड्याळाचे काटे रोग्याच्या अज्ञानातही फिरत राहतात, त्या घड्याळाविरुद्ध रोग्यास एकच आधार असतो, आणि तो म्हणजे ज्यास ठाऊक आहे त्याचा सत्य सांगणारा शब्द.

ह्यावर वैद्यवर्गाचे एक उत्तर आहे, आणि ते ऐकून न घेता पुढे जाणे अन्यायाचे होईल. ते म्हणतात, "आम्ही सांगू, पण तुम्ही ऐकाल काय? चूक कबूल करताच इस्पितळाच्या काचा फुटतात, वैद्यास मारहाण होते, वर्तमानपत्रांत नाव येते. मग कोण बोलेल?" हे खोटे नाही. वैद्यांवरील हल्ल्यांस आळा घालण्यासाठी महाराष्ट्रास २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, ही आपणां सर्वांस लाज आणणारी गोष्ट आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, वैद्याची प्रत्येक चूक फौजदारी गुन्हा होत नाही. त्यासाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो. न्यायालयाने जो विवेक केला तो आपण समाज म्हणून केलेला नाही. आपण वैद्यास एक तर देव म्हणतो, नाही तर खाटीक. आणि देवास चूक कबूल करता येत नाही, खाटकास कबूल करण्याजोगे काही उरत नाही. चुकणारा, मोजणारा आणि चुकल्यास सांगणारा मनुष्य म्हणून आपण त्याकडे पाहू, तेव्हा त्यास बोलावयास जागा मिळेल. कालिदासाच्या नाटकात मुद्रिका घेऊन येणाऱ्या कोळ्यास राजाचे शिपाई प्रथम चोर समजून बांधतात आणि मारतात, हे विसरता कामा नये. सत्य हाती घेऊन येणाऱ्याचे असे स्वागत होत राहिले तर मुद्रिका पुन्हा पाण्यात टाकण्याचीच बुद्धी लोकांस होईल.

तरीही हे उत्तर वैद्यास पुरते मोकळे करीत नाही. सांगण्यास भय आहे म्हणून न सांगणे क्षम्य ठरत असेल, तर महाभारतातला दुष्यंतही निर्दोषच म्हणावा लागेल. त्यासही भयच होते. सत्य सांगण्याचे कर्तव्य भय नसते तेव्हा कसोटीस लागतच नाही. शिवाय न सांगितल्याने जे शल्य रोग्याच्या पोटातून निघाले ते नाहीसे होत नाही. सुश्रुताने मनाच्या बाधेसही शल्यात गणले ते किती योग्य! पोटातील फडके काढणाऱ्याने सत्य दडविले, की ते फडके त्याच्या स्वतःच्या मनात जाऊन बसते. आणि तेथे क्ष-किरण पोहोचत नाहीत. आणि दडविलेल्या चुकीतून कोणी काही शिकत नाही, हे आणखी वेगळेच. ज्या ५४ रोग्यांच्या कागदांवरून गवांदे ह्यांनी धोक्याची लक्षणे शोधली, ते कागद होते म्हणूनच पुढल्यांस सावध होता आले.

काकींचा निवाडा म्हणूनच आम्हांस ग्राह्य वाटतो. मात्र त्याच्या पहिल्या भागास एक अट जोडावी लागते. विस्मरण क्षम्य आहे, पण ज्याने प्रामाणिकपणे मोजले त्याचे. मोजण्याचा कंटाळा करणाऱ्याचे, किंवा मोजणाऱ्या धाकट्या माणसास दटावून गप्प करणाऱ्याचे नव्हे. त्याची क्षमा हा रोग्याचा मोठेपणा असेल, वैद्याचा हक्क नव्हे. दुसऱ्या भागास अटच नाही. सांगितले पाहिजे.

'चार वर्सां मी देवाक दोष दिलंय,' असे काकी म्हणाल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, थोडी शरम होती. निरपराध देवास चार वर्षे बोल लावला, ह्याची ती शरम. आम्हांस वाटते, साऱ्या हकिगतीत सर्वांत अन्यायाची गोष्ट हीच. शरीराची पीडा त्यांनी सोसली ती सोसली. पण कोणाच्या तरी मौनामुळे त्यांचे आपल्या देवाशी भांडण झाले, आणि ते मिटविण्याची शरमही त्यांनाच वाटावी! खरे कळल्यावर त्यांनी देवळात जाऊन पुन्हा गाऱ्हाणे घातले. त्यात काय मागितले, असे आम्ही विचारले. मागितले काहीच नव्हते. त्यांनी देवाची क्षमा मागितली होती.